व्हॅनचा मेसेज पुढे पाठवण्याआधी

"मुलं पळवणारी टोळी आलीय, व्हॅनमधून फिरतेय, आपापल्या ग्रुपवर टाका." ठाण्यात आणि नवी मुंबईत हा मेसेज अधूनमधून नव्याने उगवतो. व्हॅनचा रंग बदलतो, शाळेचं नाव बदलतं, ऑडिओतला घाबरलेला आवाज तेवढा तोच राहतो. मग दोन-चार दिवस गेटवर भंगारवाला, बोहारीण, कुरियरवाला यांची उलटतपासणी होते आणि मुलांसाठी काहीतरी केल्याचं समाधान सगळ्यांना मिळतं.

माझ्या मते हा पहारा चुकीच्या दारावर बसलाय. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत वर्षानुवर्षं एकच चित्र दिसतं: पॉक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली, नोंदलेल्या बलात्काराच्या प्रकरणांत दहापैकी नऊहून जास्त वेळा आरोपी मुलाच्या ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, क्लासचे सर, घरी येणारा कुटुंबमित्र. गेटवरचं ॲप या माणसाला अडवत नाही, कारण त्याला आपणच आत बोलावतो, चहा देतो आणि वर मुलाला सांगतो, "काकांना पापी दे."

म्हणून पहिली गोष्ट तीच बंद करा. मुलाला नको असेल तर लांबून नमस्कार पुरे. आजी-आजोबा रुसतील, त्यांना समजवा. मोठं माणूस म्हणेल तेव्हा जवळ जायचंच, असं घरात शिकलेलं मूल बाहेर "नाही" कुठून म्हणणार? तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून आंघोळ घालताना अवयवांची खरी नावं सांगा; "शेम शेम"ने काम भागवलं तर उद्या काही झाल्यावर ते सांगायला मुलाकडे शब्दच नसतो. सरप्राइझ आणि गुपित यांतला फरकही याच वयात कळतो. सरप्राइझ शेवटी सगळ्यांना कळतं, वाढदिवसाचा केक असतो तसं. जे आईला कधीच सांगायचं नाही असं कुणी बजावलं, ते त्याच दिवशी सांगायचं. आणि हाताच्या पाच बोटांवर पाच माणसं मोजून घ्या, ज्यांना काहीही सांगता येईल. त्यातलं निदान एक घराबाहेरचं हवं, कारण कधीकधी अडचण घरातच असते.

हे बहुतेक पालक कुठे ना कुठे वाचतात. गाडी अडते ती पुढे, मूल खरंच काही सांगतं तेव्हा. आई ओरडते, बाबा चप्पल घालून त्या माणसाच्या घरी निघतात, आजी म्हणते "हळू बोला, शेजारी ऐकतील." मूल हे सगळं बघतं आणि गप्प होतं, किंवा "मी गंमत केली" म्हणून मागे फिरतं. त्यामुळे पहिली पाच मिनिटं चेहरा आवरा. खाली बसा, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर या. "सांगितलंस ते बरं केलंस. तुझी काहीच चूक नाही," एवढंच म्हणा. प्रश्न फक्त उघडे ठेवा: "मग काय झालं?" "अमुक काकांनी इथे हात लावला का?" असं तुम्हीच नाव घालून विचारलंत, तर पुढे कोर्टात बचावाचा वकील नेमकं तेच धरतो, की मुलाला पढवलंय. मुलाचे शब्द जसेच्या तसे, बोबडे असतील तर बोबडे, वेळ घालून वहीत लिहा. तेच पुन्हा आत्यासमोर, चेअरमनसमोर, मुख्याध्यापकांसमोर वदवून घेऊ नका. "कुणाला सांगणार नाही" असं वचनही देऊ नका, कारण सांगावं लागणार आहे.

घटना नुकतीच, म्हणजे अंदाजे तीन दिवसांच्या आत घडली असेल तर मुलाला आंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका. कपडे कागदी पिशवीत ठेवा. प्लास्टिकमध्ये ओल कोंडते आणि पुरावा सडतो. नेमकी हीच चूक सर्रास होते, कारण हादरलेल्या आईचा हात पहिल्यांदा साबणाकडेच जातो. रुग्णालय सरकारी असो वा खासगी, तातडीचे उपचार मोफत देणं त्याच्यावर बंधनकारक आहे आणि "आधी एफआयआर आणा" असं त्याला म्हणता येत नाही. मुलीची तपासणी महिला डॉक्टरच करते. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. रात्री मुलाला पोलीस ठाण्यात थांबवून ठेवता येत नाही. हे सगळं कायद्यात लिहिलेलं आहे, कुणाची मेहेरबानी नाही.

तरीही तासन् तास ताटकळवलं जातं, हे आपल्याच जिल्ह्याने पाहिलंय. ऑगस्ट २०२४ मध्ये शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचारानंतर बदलापूरला लोक रेल्वे रुळांवर उतरले, त्यात तक्रार नोंदवायला लागलेल्या वेळाचा संताप मोठा होता. "आमची हद्द नाही" हे उत्तरही ओळखीचं. कळवा ठाणे पोलीस आयुक्तालयात, ऐरोली नवी मुंबई पोलीस आयुक्तालयात. मधल्या पट्ट्यातल्या माणसाने कुठे जायचं? उत्तर सोपं आहे: जवळच्या पोलीस ठाण्यात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असली तरी माहिती नोंदवून घ्यावीच लागते. झीरो एफआयआर म्हणतात ती हीच. प्रत मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका.

आणि शेजाऱ्यांनो, पॉक्सोचं कलम १९ फक्त आईवडिलांसाठी नाही. मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती असूनही न कळवणं हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. प्रामाणिकपणे कळवलं आणि पुढे ते चुकीचं निघालं तर तुमच्यावर कारवाई होत नाही. शेजारच्या फ्लॅटमधून रोज रात्री मूल मार खात असल्याचा आवाज येतो, तेव्हा टीव्हीचा आवाज वाढवण्याऐवजी १०९८ हा चाइल्डलाइनचा, म्हणजे मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा, नंबर लावा. मोफत आहे, चोवीस तास चालतो, तुमचं नाव गुप्त ठेवा असं सांगता येतं. पत्ता, मुलाचं अंदाजे वय, आत्ता या क्षणी धोका आहे का, एवढी माहिती तयार ठेवा.

बदलापूरनंतर सगळ्यांनी कॅमेरे मागितले. हवेतच. पण शाळेत पालकसभेला गेलात तर कॅमेऱ्यांची संख्या विचारण्यापेक्षा हे विचारा: सखी सावित्री समितीत (शाळेतल्या मुलांच्या सुरक्षेसाठीची समिती) कोण आहे आणि तिची शेवटची बैठक कधी झाली, लहान मुलींच्या स्वच्छतागृहापाशी बाई असते का, कंत्राटी कामगारांची पोलीस पडताळणी कुणी पाहिली, तक्रारपेटीची किल्ली कुणाकडे असते. पेटी ज्याच्याविरुद्ध तक्रार असू शकते त्याच्याच ताब्यात असेल तर ती भिंतीवरची शोभा आहे. सोसायटीतही तेच. डीव्हीआरचं, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या यंत्राचं, घड्याळ बघा, बऱ्याच ठिकाणी ते वीसेक मिनिटं मागे-पुढे असतं. रेकॉर्डिंग किती दिवस टिकतं आणि पासवर्ड कुणाला ठाऊक आहे, हेही. ऐन वेळी तो एकटा सेक्रेटरी गावाला असतो.

आता हरवलेल्या मुलाबद्दल, कारण हे कुणाच्याही बाबतीत घडू शकतं. गुढीपाडव्याची शोभायात्रा, टेंभी नाक्याची नवरात्र, तलावपाळीची गर्दी, सीवूड्सचा मॉल. निघतानाच मुलाचा मोबाइलवर एक फोटो काढा, त्या दिवशीच्या कपड्यांत आणि चपलांसकट. घाबरल्यावर शर्टाचा रंग आठवत नाही. दंडावर बॉलपेनने फोन नंबर लिहून वर सेलोटेप लावा, घामाने जात नाही. मुलाला सांगा: हरवलास तर जिथे आहेस तिथेच थांब, आणि मदत मागायची तर पोलिसाकडे, गल्ल्यावर बसलेल्या दुकानदाराकडे किंवा लहान मूल बरोबर असलेल्या बाईकडे. "अनोळखी माणसाशी बोलायचंच नाही" असं घोकवलेलं मूल गर्दीत हरवलं की मदत करणाऱ्यांपासूनच लपतं.

लोकलचा नियम वेगळा. मूल डब्यात आणि तुम्ही ठाण्याच्या फलाटावर राहिलात, तर त्याने पुढच्या स्टेशनला उतरून तिथेच बाकावर बसायचं, उलट गाडी पकडायची नाही. तुम्ही मागची गाडी पकडण्याआधी आरपीएफला किंवा स्टेशन मास्तरला गाडीची वेळ, दिशा, डबा सांगा, नाहीतर १३९ वर फोन करा. ट्रान्सहार्बरला पुढचं स्टेशन दिघा गाव, कर्जत-कसाऱ्याकडच्या स्लोला कळवा. फास्ट असेल तर ती थेट डोंबिवलीलाही थांबू शकते. हा फरक माहीत नसल्यामुळे लोक भलत्याच स्टेशनवर शोधत बसतात.

सोसायटीत मूल दिसेनासं झालं तर शोधाचा क्रम महत्त्वाचा. सगळे आधी बागेत आणि मित्रांकडे धावतात. आधी जीव जाऊ शकेल अशा जागा पाहा: पाण्याची भूमिगत टाकी, पोहण्याचा तलाव, पार्क केलेल्या गाड्या, गच्चीचं दार. घोडबंदरला टँकर येतो, टाकीचं झाकण उघडतं, पाइप काढल्यावर ते नुसतं टेकवून ठेवतात. कुलूप नंतर लावू म्हणून राहून जातं. उन्हातली बंद गाडी दहा मिनिटांत दहाएक अंशांनी तापते. त्याच वेळी दुसऱ्या माणसाने घरात पलंगाखाली, कपाटात, वॉशिंग मशीनमध्ये बघायचं आणि वॉचमनने फाटक बंद करायचं. दहा मिनिटांत सापडलं नाही की ११२. चोवीस तास थांबायचा नियम नाही. मूल बेपत्ता असेल तर अपहरण समजून गुन्हा नोंदवावा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच सांगितलंय.

सापडलेलं मूल तुमच्या हाती आलं तर? घरी नेऊन, खाऊ घालून, फोटो दहा ग्रुपवर टाकू नका. त्या फोटोवरून कुणीही "मीच बाप" म्हणत येऊ शकतो. भर गर्दीत, उजेडात थांबा, पाणी द्या, ११२ किंवा १०९८ लावा. एकट्या सापडलेल्या मुलाची माहिती चोवीस तासांच्या आत पोलिसांना, चाइल्डलाइनला किंवा बाल कल्याण समितीला कळवणं बाल न्याय कायद्याने तुमच्यावर बंधनकारक आहे. अत्याचार झालेल्या मुलाचं नाव, शाळा, इमारत तर कुठेच लिहायची नाही. "फक्त आपल्याच ग्रुपवर" हे कारण चालत नाही. मुलाचा आक्षेपार्ह व्हिडिओ "पुरावा" म्हणून फॉरवर्ड करणाराही आयटी कायद्याच्या ६७ बी कलमात अडकतो. लिंक टिपून ठेवा आणि सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार द्या.

परत त्या व्हॅनकडे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना मुलं पळवणारे समजून ठेचून मारलं. पोटासाठी मंगळवेढ्याकडून आलेली माणसं होती. एप्रिल २०२० मध्ये पालघरच्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा चालक गेले, तेही अशाच अफवेतून. म्हणजे "सावधगिरी म्हणून टाकलं, खोटं असलं तरी काय बिघडलं" हे म्हणणं टिकत नाही. मेसेजमध्ये तारीख नाही, पोलीस ठाण्याचं नाव नाही, तर तो तिथेच थांबवा आणि पाठवणाऱ्याला विचारा, गुन्हा कुठे नोंद झाला?

जिन्यात अनोळखी माणूस दिसला तर "कुणाकडे आलात? सापडत नाहीये का?" एवढं हसून विचारणं पुरतं. खरा पाहुणा असेल तर त्याला घर सापडतं. हेतू वाईट असेल तर आपल्याकडे कुणाचं तरी लक्ष आहे हे त्याला कळतं. दरडावून दोन्हीपैकी काहीच साधत नाही.

राहता राहिला वॉचमन. मुलांना रोज सगळ्यात जास्त वेळ बघणारा माणूस तोच. बारा तासांची ड्यूटी, एजन्सी बदलली की माणूसही नवा, आणि मेंबरच्या गाडीला हात दाखवला तर शिव्या. तो कशाला तोंड उघडेल? सोसायटीच्या पुढच्या मीटिंगला असा ठराव घ्या, की मूल बेपत्ता असताना वॉचमन कुणाचीही, चेअरमनचीसुद्धा, गाडी थांबवेल आणि डिकी उघडायला सांगेल. केबिनमध्ये मोठ्या अक्षरांत ११२, १०९८ आणि जवळच्या पोलीस ठाण्याचा नंबर लावा, टाकीच्या कुलपाची जादा किल्ली तिथेच ठेवा. त्याला बसायला धड खुर्ची आणि रात्री चहाही द्या.