त्रुटीची पूर्तता करावी

माझ्या अर्जातील उणिवा दाखवणाऱ्या, परवा परिवहन कार्यालयाकडून टपालाने आलेल्या त्रुटीपत्रातील तिसरा मुद्दा माझा पाठ झाला आहे, कारण इतके निर्मळ वाक्य पुन्हा माझ्या वाट्याला येईल असे वाटत नाही: ‘लाल रंगाच्या दिव्याच्या वापरास शासनाने मनाई केलेली असल्याने सदर उपकरणाचा विचार करता येत नाही.’ मंत्र्यांच्या आणि साहेबांच्या गाड्यांच्या टपावरचे लाल दिवे 1 मे 2017 पासून उतरले, ही बातमी आमच्या खान्देशातही पोहोचली होती. परंतु वाहनाच्या पाठीमागचा दिवा लालच असावा लागतो, हे ज्या खात्याने लोकांच्या पावत्या फाडून शिकवले, त्याच खात्याच्या टेबलावरून हे पत्र निघावे, त्यावर तीन सह्या व्हाव्यात, गोल शिक्का उमटावा आणि त्या तिघांपैकी एकालाही आपण काय वाचतो आहोत याची शंका येऊ नये? अर्जाचा विषय ‘ट्रॉलीच्या मागील फळीस बसवावयाचे सुरक्षा उपकरण’ असा ठळक अक्षरांत होता. तो वाचून कोणाला तरी असे वाटले असावे, की हा इसम ट्रॅक्टरच्या टपावर लाल दिवा लावून पालकमंत्र्यांच्या थाटात बाजार समितीत शिरणार आहे.

ज्यांनी सुरत-नागपूर महामार्गावर रात्री एकदा तरी गाडी चालवली आहे, त्यांना हे उपकरण कशासाठी आहे ते विचारावे लागणार नाही. कापसाची ट्रॉली पंक्चर झाली की ट्रॅक्टरवाला जोडणीची पिन काढतो, ट्रॉली अर्ध्या रस्त्यात सोडतो आणि चाक घेऊन गावात जातो. त्याच्याबरोबर बॅटरी जाते, बॅटरीबरोबर ट्रॉलीचा असला-नसला दिवा जातो, आणि मागे उरतात चाकांना लावलेले दगड व फळीत खोचलेली निंबाची फांदी. चाक बदलून झाल्यावर ट्रॉली जाते, दगड मात्र तिथेच राहतात, हा आणखी वेगळा संताप आहे. माझ्या उपकरणात एवढेच होते, की ट्रॅक्टरची जोडणी सुटली आणि अंधार असला तर त्याच्या स्वतःच्या लहानशा बॅटरीवर मागचे दोन लाल दिवे आपोआप लागतात आणि शेजारचे दोन पिवळे लुकलुकू लागतात. चालकाने काही करायचे नाही, कारण तो काहीही करणार नाही हे मला त्याच्याइतकेच ठाऊक आहे.

आता गंमत अशी, की एकही दिवा नसलेली, नंबर पुसलेली, दोन्ही बाजूंनी कापूस फुगून रस्त्यावर आलेली ट्रॉली त्या कार्यालयाच्या फाटकासमोरून रोज जाते आणि तिला कोणी हटकत नाही. तिला मी दिवा लावला की मात्र मोटार वाहन कायद्याचे कलम 52 जागे होते आणि तो दिवा ‘मूळ रचनेतील फेरफार’ ठरतो. मग मान्यता द्या म्हटले, तर चाचणी अहवाल आणा म्हणतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम 126 मध्ये चाचणी संस्थांची यादी आहे, म्हणून त्यांपैकी एका संस्थेला लिहिले. तिचे उत्तर आले, की या उपकरणासाठी मानकच अस्तित्वात नसल्याने चाचणी कशाच्या आधारे करावी ते अर्जदाराने कळवावे. मानक ठरवणारी समिती निराळी, आणि माझ्यासारख्या वेल्डिंगच्या दुकानदाराला तिथपर्यंत कोणती वाट जाते ते आजतागायत कोणी सांगितलेले नाही. त्यातच या त्रुटीपत्राचा पाचवा मुद्दा: ‘यापूर्वी अशा उपकरणास मान्यता दिली असल्यास तिची प्रत जोडावी.’ पेटंटच्या अर्जात मी शपथेवर लिहून दिले आहे, की असे उपकरण यापूर्वी कोणी केलेले नाही. तिकडे नवे असल्याशिवाय दारात उभे करीत नाहीत, इकडे जुने असल्याशिवाय.

आणि हीच मंडळी जानेवारी आला की रस्ता सुरक्षा अभियानाचा फलक लावतात, हिरवी झेंडी दाखवतात आणि शाळकरी मुलांना उन्हात उभे करून घोषणा द्यायला लावतात. फेब्रुवारी 2021 मध्ये जळगाव जिल्ह्यातील किनगावजवळ पपईचा ट्रक उलटून त्यावर बसलेले 15 मजूर गेले, जुलै 2023 मध्ये धुळे जिल्ह्यातील पळासनेरला ब्रेक निकामी झालेला कंटेनर थेट हॉटेलात घुसला. दोन्ही वेळा ‘उपाययोजना’ हा शब्द वर्तमानपत्रांत इतका छापून आला, की एखादी उपाययोजना घेऊन आपण गेलो तर निदान खुर्ची तरी मिळेल असे मला वाटले होते. याच महामार्गाचे फागणे ते तरसोद चौपदरीकरण इतकी वर्षे रखडले, तेव्हा त्या खड्ड्यांना कोणी त्रुटीपत्र पाठवले होते काय? तपासणीच्या दिवशी जोडलेला वेगनियंत्रक दुसऱ्या दिवशी सुटतो, त्याला कोणी प्रत मागते काय? ‘साहेब व्हीसीला (म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सला) बसले आहेत’ हे वाक्य आणि कागदाच्या डाव्या कोपऱ्याऐवजी उजव्या कोपऱ्यात मारलेली पिन, या दोन गोष्टींनी माझे डोके जितके फिरते तितके उधारी बुडवणाऱ्या गिऱ्हाइकानेही फिरत नाही. डॉक्टरांनी मला मीठ आणि सरकारी कार्यालये, दोन्ही कमी करायला सांगितले आहे.

वास्तविक माझ्या उपकरणाचे प्रात्यक्षिक त्या कार्यालयात झालेले आहे. फक्त ते कोणी मान्य करीत नाही. नमुना म्हणून जमा केलेला संच मला पुढच्या खेपेस लिपिकाच्या टेबलावर दिसला, तो पंख्याच्या वाऱ्याने उडणाऱ्या कागदांवर वजन म्हणून ठेवलेला. मी तोंड उघडणार इतक्यात वीज गेली. खिडक्यांना कपाटे लावलेली असल्याने खोलीत भर दुपारी अंधार झाला, आणि त्या अंधारात माझे दोन लाल दिवे लागले व दोन पिवळे अगदी ठरल्याप्रमाणे लुकलुकू लागले. रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाबांनी त्या उजेडात आपला फॉर्म शोधूनही घेतला. माझी छाती फुगली. लिपिक मात्र ओरडला, ‘अहो भाऊ, ते बंद करा आधी!’ ते बंद करता येत नाही, तीच त्याची खुबी आहे, असे मी मोठ्या अभिमानाने सांगितले. तिसऱ्या मुद्द्यातील मनाईचा उगम बहुधा त्या दुपारीच असावा, असे आता वाटते.

राहता राहिला सातवा मुद्दा: ट्रॉलीच्या मूळ उत्पादकाचे ना-हरकत प्रमाणपत्र. ज्याने ती ट्रॉली बनवली, त्याने वेल्डिंग सोडून आता पाण्याच्या जारचा धंदा धरला आहे. त्याच्याकडे गेलो, चहा झाला, कागद पुढे केला. त्याने तो उलटसुलट पाहिला आणि विचारले, ‘सही केल्यावर माझ्यावर काही येणार नाही ना भो?’ नाही येणार म्हटल्यावर तो म्हणाला, की मग तसे त्या कार्यालयाकडून लेखी आणून दे, लगेच सही करतो.