रमणं की अडकणं?

ॲप बनवणाऱ्या तिघांत वाद पेटला तो विन्याच्या एका वाक्यावरून. "माणूस ॲपवर जितकी मिनिटं थांबतो, तितका तो गुंतलेला. सरळ हिशोब आहे."

"हिशोबच चुकतोय," शुभा म्हणाली. "फॉर्ममध्ये तारीख कशी लिहायची ते कळेना म्हणून कोणी नऊ मिनिटं झगडत बसला, तर तुझ्या आकड्यात तोही गुंतलेलाच. अरे, तो रमलेला नाही, अडकलाय."

मंदारला आधी वेगाचं बोलायचं होतं. "स्क्रीनने 100 मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या दहाव्या भागात उत्तर दिलं, तर ती आपणच हलवली असं वाटतं. एका सेकंदापर्यंत उशीर जाणवतो, पण विचार तुटत नाही. दहा सेकंदांच्या पुढे गेलं की माणूस दुसरं काहीतरी बघायला लागतो. संशोधक रॉबर्ट मिलरने 1968 सालीच या मर्यादा मांडल्यात. चित्र काढायचं ॲप घ्या. बोट सेकंदाला 20 सेंटीमीटर सरकतंय आणि उशीर 100 मिलिसेकंदांचा, म्हणजे रेघ बोटाच्या 2 सेंटीमीटर मागे. इथे 100 सुद्धा फार झाले! रेघ बोटातून उतरत नाही, दोरीने ओढल्यासारखी मागून येते. मग हात आपोआप मंदावतो. पुढे ब्रश कितीही द्या, तो माणूस काही रमत नाही."

"मग थांबायला सांगणारं फिरतं चक्र दाखवू," विन्या म्हणाला.

"सरसकट नको. अर्ध्या सेकंदाच्या कामाला चक्र लावलंस तर ते नुसतं लुकलुकतं. बटण दाबल्याक्षणी दबलेलं दिसलं पाहिजे. काम सेकंदाच्या वर गेलं तर चक्र. दहाच्या वर गेलं तर किती झालं, किती उरलं ते दाखव, आणि रद्द करायची सोय दे."

शुभाला हे पटलं, पण पुरेसं वाटलं नाही. वेग नसेल तर माणूस रमत नाही हे खरं. नुसत्या वेगाने रमतो असं नाही. पुढे काय करायचंय ते कळलं पाहिजे, केलेलं बरोबर की चूक ते तिथेच दिसलं पाहिजे, आणि काम कुवतीच्या किंचित वर हवं. मानसशास्त्रज्ञ चिक्सेंटमिहाय यांनी 1975 मध्ये तल्लीनतेबद्दल मांडलं ते हेच: फार सोपं झालं की कंटाळा, फार अवघड झालं की धास्ती. "भाषा शिकवणाऱ्या ॲपमध्ये सलग वीस उत्तरं बरोबर आली आणि प्रश्न तसेच राहिले, तर शिकणारा तिथेच गळतो."

आता विन्याने नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं. "मग सोशल मीडियावरची न संपणारी फीड का चालते? तिथे ना काम, ना आव्हान. तरी लोक तासभर बोट सरकवतात."

"कारण पुढचं चांगलं कितव्या पोस्टनंतर येणार ते ठरलेलं नसतं. फर्स्टर आणि स्किनर या मानसशास्त्रज्ञांनी 1957 मध्ये लिहिलंय, दाणा कितव्या टोचीला मिळेल ते ठरलेलं नसलं की कबूतर टोचतच राहतं. शिवाय पान संपायचं तेव्हा 'पुढे जाऊ का?' असं मनात यायचं. ती जागाच काढून टाकली."

"पण त्यांना आनंद होत नाही, हे तू कशावरून ठरवलंस?"

"मी ठरवत नाही, विचारते. माणूस किती गुंतला ते मोजायला संशोधक ओब्रायन आणि सहकाऱ्यांची 2018 ची छोटी प्रश्नावली आहे, 12 प्रश्नांची. लक्ष किती लागलं, वापरायला त्रास झाला का, दिसायला कसं वाटलं, आणि वेळ सार्थकी लागला का. वापर संपल्या संपल्या विचारायची. दुसऱ्या दिवशी लोक अंदाजाने उत्तरं देतात. लक्ष भरपूर आणि शेवटच्या भागात गुण कमी, असं आलं की समजायचं, हा ओढला गेलाय."

"आणि मध्येच फोन आला तर?" मंदार म्हणाला. "परत आल्यावर अर्धवट मजकूर आणि स्क्रीनवरची जागा तशीच सापडली पाहिजे. एकदा लिहिलेलं पुसलं गेलं की पुन्हा कोण लिहितंय?"

"म्हणजे मिनिटं मोजायचीच नाहीत?"

"मोज, पण कामागणिक वेगळी," शुभा म्हणाली. "पूर्ण झालेली एकीकडे, सोडून दिलेली दुसरीकडे. फॉर्मला मिनिटं कमी हवीत, चित्राला जास्त लागली तरी चालतील."

"आणि फीडला?"

इथे मात्र जमलं नाही. शुभाला 'नवीन सगळं पाहून झालं' अशी ठळक रेघ हवी होती आणि त्याखाली काहीही नको. विन्याचं म्हणणं, रेघ ठेवू, पण खाली जुन्या पोस्ट उघडायचं बटण राहू दे. ज्याला पाहायचंय त्याला आपण कोण अडवणार?