ऱ्हाइन ओलांडली की कार्ड मेलं

काउंटरवर तापाच्या सिरपची बाटली, खांद्यावर मान टाकलेलं तापलेलं पोरगं, आणि मशीनवर नकार. पुन्हा घातलं, पुन्हा नकार. खात्यात पैसे आहेत. कार्ड नवं कोरं आहे. बँक जर्मन, दुकान फ्रेंच, दोन्हीकडे चलन युरो. आणि हे कुठे, तर स्ट्रासबुर्गमध्ये! युरोपियन संसद जिथे भरते त्या शहरात! काउंटरमागची बाई सौम्यपणे म्हणाली, "हे आमच्याकडे चालत नाही, व्हिसा किंवा मास्टरकार्ड आहे का?"

होतं ना व्हिसा. त्याच आठवड्यात आमच्या बँकेने ते परस्पर बंद केलं होतं. कारण काय, तर "संशयास्पद व्यवहार". संशय कसला, तर मी पुण्याचं विमानाचं तिकीट काढलं. नवं कार्ड पोस्टाने येणार, पिन वेगळ्या पाकिटातून, वेगळ्या दिवशी. फोनवरचं पेमेंटही त्याच कार्डाला जोडलेलं, म्हणजे तेही गेलं. हातात उरलं गिरोकार्ड, म्हणजे जर्मन बँकांचं डेबिट कार्ड, ज्याला अजून अख्खी जर्मनी ईसी-कार्ड म्हणते आणि ज्यावर माझा पगार जमा होणाऱ्या खात्याचा नंबर छापलेला आहे. शेजारच्या एटीएमनेही ते बाहेर ढकललं. शेवटी नवरा डी ट्राम पकडून पुलापलीकडे जर्मनीतल्या केल गावाला गेला, तिथल्या मशीनमधून नोटा काढल्या आणि परत आला. त्या नोटा त्याच बाईने बिनतक्रार घेतल्या. कागद ऱ्हाइन ओलांडतो, कार्ड ओलांडत नाही. तोपर्यंत मी पोराला मांडीवर घेऊन फार्मसीतल्या खुर्चीत बसून होते, आणि माझ्या डोक्यात जे काही चाललं होतं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आधी हे होत नव्हतं. जुन्या गिरोकार्डाच्या कोपऱ्यात माएस्ट्रो ह्या मास्टरकार्डच्या जाळ्याचं चिन्ह असायचं, त्याच्या जोरावर ते सीमेपलीकडे चालायचं. मास्टरकार्डने ठरवलं की १ जुलै २०२३ पासून युरोपात नवी माएस्ट्रो कार्डं द्यायची नाहीत. ठरलं अमेरिकेत, आणि जर्मन बँकांनी काय केलं? पत्रं पाठवली. आमच्या बँकेच्या पत्रात लिहिलं होतं, "आम्ही आपल्यासाठी सेवा अधिक सोपी करत आहोत." सोपी म्हणजे आता दोन कार्डं. एक जे फक्त जर्मनीत चालतं आणि ज्याचे दर महिन्याला पैसे घेतात, आणि एक अमेरिकन, जे बाहेर चालतं पण आमच्या गल्लीतला बेकरीवाला घेत नाही. बेकरीवाल्याच्या दारावर "फक्त ईसी". डॉक्टरकडे "फक्त रोख". केशकर्तनालयात "दहा युरोंच्या पुढे कार्ड". ह्या पाट्या वाचत वाचत मी इथे म्हातारी होणार.

रात्री धाकट्या भावाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "ताई, तुमच्याकडे रुपेसारखं काहीच नाही का?" अरे, आहे ना! एक नाही, ढीगभर आहेत! जर्मनीचं गिरोकार्ड, फ्रान्सचं कार्त बाँकेर, बेल्जियमचं बँकाँटॅक्ट, इटलीचं बाँकोमात, पोर्तुगालचं मुल्तिबांको, डेन्मार्कचं डॅनकोर्ट. प्रत्येकाचं आपापल्या कुंपणाच्या आत. वाटणी झालेले भाऊ विहिरीवरून भांडत बसतात आणि पिण्याचं पाणी टँकरवाल्याकडून विकत घेतात, तशी ह्यांची गत. आणि ज्यांच्याकडे विहीर होती त्यांतल्या काहींनी ती बुजवलीसुद्धा. डच लोकांनी आपली व्यवस्था सोडून दिली, आयर्लंडचं लेझर कार्ड २०१४ मध्ये बंद झालं. युरोपियन मध्यवर्ती बँकेनेच २०२५ मध्ये सांगितलं की तेव्हा युरो वापरणाऱ्या वीस देशांपैकी तेरा देशांकडे स्वतःचं कार्ड-जाळं उरलेलंच नाही, सगळा भार परदेशी जाळ्यांवर.

आणि कुणी मला "अमेरिकन कंपन्यांनी युरोप गिळला" असं ऐकवू नका. गिळला नाही, ह्यांनी विकला. व्हिसा युरोप ही कंपनी युरोपातल्या बँकांच्या मालकीची होती. सदस्य बँकांची, स्वतःची! २०१६ मध्ये ती अमेरिकेतल्या व्हिसाला विकली, सौदा १८ अब्ज युरोंच्या वरचा. पैसे बँकांच्या खिशात गेले, सत्ता कॅलिफोर्नियात. त्याआधी २००२ मध्ये युरोपे (Europay) ही युरोपातली कार्ड कंपनी मास्टरकार्डमध्ये विलीन झाली. जगभरच्या कार्डांवरच्या चिपचं प्रमाण आहे ना, ईएमव्ही, त्यातला ई म्हणजे हीच युरोपे. चिपचं प्रमाण घडवण्यात युरोपचा हात, आणि त्याच चिपचं माझं कार्ड शेजारच्या देशात सिरपची बाटली घेऊ शकत नाही.

प्रयत्न झाले नाहीत असंही नाही, म्हणून तर जास्त संताप होतो. युरोपचं स्वतःचं कार्ड-जाळं उभारायचा मोने प्रकल्प २०१२ मध्ये गुंडाळला, कारण प्रत्येक व्यवहारामागे बँकांना किती शुल्क मिळणार याची हमी मिळेना. मग जुलै २०२० मध्ये सोळा मोठ्या बँका एकत्र आल्या, युरोपियन पेमेंट्स इनिशिएटिव्ह, आता युरोपचं स्वतःचं कार्ड येणार म्हणून जाहीर केलं. २०२२ पर्यंत स्पॅनिश बँका बाहेर, काही जर्मन बँका बाहेर, आणि कार्डाची कल्पनाच रद्द. उरलं वेरो हे फोनवरचं पेमेंट, २०२४ मध्ये सुरू झालं, आणि सुरुवात कशाने, तर मित्राला फोनवरून पैसे पाठवण्याने. मित्राला पैसे पाठवायची अडचण नव्हती हो माझी! मला औषध हवं होतं!

"पण टॅप केलं की होतं ना, मग जाळं कुणाचं का असेना?" हे वाक्य मला जर्मन सहकारी ऐकवतात, इथले मराठीही ऐकवतात. १ जून २०१८ आठवा. व्हिसाच्या एका डेटा सेंटरमधला एक स्विच अर्धवट बिघडला आणि युरोपभर ५२ लाख व्यवहार अडले. तो तरी बिघाड होता. डिसेंबर २०१० मध्ये व्हिसा आणि मास्टरकार्डने गुप्त सरकारी कागदपत्रं उघड करणाऱ्या विकीलीक्सच्या देणग्या थांबवल्या, कुठल्याही न्यायालयाचा निकाल नसताना. विकीलीक्स तुम्हाला आवडो न आवडो, प्रश्न तो नाही. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयातले फ्रेंच न्यायाधीश निकोला गियू यांच्यावर निर्बंध लादले. युरोपात राहणारा युरोपियन न्यायाधीश, आणि त्याची कार्डं चालेनात, कारण जाळं अमेरिकेचं. न्यायाधीशाची ही अवस्था होऊ शकते तर "चालतंय ना" कशाच्या भरवशावर म्हणता?

भारताचं मी उगाच गुणगान करणारी नाही, तिथल्या बँकांच्या काउंटरवर मीही रांगेत उभी राहून वैतागले आहे. पण २००८ मध्ये मुंबईत एनपीसीआय ही देशाची पेमेंट संस्था उभी राहिली, २०१२ मध्ये रुपे आलं, आणि जुलै २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने मास्टरकार्डला ठणकावलं की व्यवहारांची माहिती भारतात ठेवत नाही तोवर नवे ग्राहक घ्यायचे नाहीत. जून २०२२ मध्ये अटी पूर्ण झाल्यावरच बंदी उठली. हातात स्वतःचं काही असलं की असं बोलता येतं. युरोपने २०१५ मध्ये दुकानदाराची बँक कार्डधारकाच्या बँकेला देते त्या शुल्कावर मर्यादा घातली, डेबिटला ०.२ टक्के, क्रेडिटला ०.३. चांगलं केलं. पण कार्ड कंपन्यांचं स्वतःचं शुल्क त्या मर्यादेच्या बाहेरच राहिलं, आणि ते ठरवणार त्या कंपन्याच.

युरोपियन मध्यवर्ती बँकेच्या अध्यक्षा क्रिस्टीन लगार्द यांनी एप्रिल २०२५ मध्ये सांगितलं की आपण कार्डाने किंवा फोनने पैसे देतो ते बहुतेक अमेरिकन नाहीतर चिनी कंपन्यांमार्फत. त्यांना कळतंय. सगळ्यांना कळतंय. आणि उपाय काय, तर डिजिटल युरो, म्हणजे मध्यवर्ती बँकेचंच डिजिटल चलन, सगळं सुरळीत झालं तर २०२९ मध्ये. येऊ द्या. पण गिरोकार्ड आज आहे, कार्त बाँकेर आज आहे, दोघांचं चिपचं प्रमाण एकच आहे. जर्मन आणि फ्रेंच बँकांनी एका टेबलावर बसून कुणी कुणाला किती शुल्क द्यायचं एवढं ठरवावं आणि एकमेकांची कार्डं घ्यायला सुरुवात करावी. मग बेल्जियमला घ्या, इटलीला घ्या. नवीन नाव नको, नवीन लोगो नको, आणि "सेवा अधिक सोपी" करणारं आणखी एक पत्र तर अजिबात नको.