काळा बंपर आपल्याला गरिबीचा का वाटतो?

पोस्ट लांब आहे, आधीच सांगून ठेवतो, चहा घेऊन बसा.

हल्ली नव्या गाडीच्या जाहिरातीत एक वाक्य हमखास असतं, सीटचं कापड रिसायकल केलेल्या पाण्याच्या बाटल्यांपासून बनवलंय म्हणून. लगेच खाली टाळ्या. मी नावं ठेवत नाहीये, चांगलंच आहे ते. पण पाण्याची बाटली म्हणजे प्लास्टिकच्या वर्गातला पहिला नंबर आहे हो, पारदर्शक, एकाच जातीची, टोपण आणि लेबल काढलं की झालं, आणि तिचा धागा करणारे लोक गाडीवाल्यांच्या कितीतरी आधीपासून रांगेत उभे आहेत. गाडी बाटल्यांचा कचरा घेते, बरं. गाडीचा स्वतःचा प्लास्टिकचा कचरा कोण घेतं, ते कुठल्या जाहिरातीत लिहिलेलं बघितलंय का कुणी?

मी रबाळे एमआयडीसीत प्लास्टिक मोल्डिंगच्या एका कंपनीत प्रॉडक्शन बघतो. आमचा माल चाकणला जातो आणि तिथून गाडीत. शोभेचे पार्ट नाहीत, क्लिपा, ब्रॅकेट, डॅशबोर्डच्या आतल्या पट्ट्या, चाकावरच्या कमानीची आतली कव्हरं असलं काहीबाही, म्हणजे गाडीचा मालक ज्याच्याकडे आयुष्यात बघणार नाही ते. त्यामुळे पुढे जे लिहितोय ते रोजच्या धंद्यातलं आहे, सेमिनारमधलं नाही.

मध्यम आकाराच्या एका गाडीत साधारण १५० ते २०० किलो प्लास्टिक असतं. बंपर, डॅशबोर्ड, दाराची आतली पॅनल, दिवे, वायरींचं आवरण, सीटचा फोम, पेट्रोलची टाकीसुद्धा. सगळ्यात जास्त पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, पण बऱ्याच ठिकाणी ते नुसतं नसतंच, बंपरमध्ये रबर आणि टाल्क (एका मऊ दगडाची भुकटी) मिसळलेलं, इंजिनजवळ काचेचे तंतू घातलेला नायलॉन, पुढच्या दिव्याची काच पॉलिकार्बोनेटची आणि ती चिकटवलेली पीपीच्या डब्याला, कुठे एबीएस, कुठे पीव्हीसी. डॅशबोर्ड तर विचारूच नका, खाली कडक पीपी, मधे फोम, वर मऊ कातडं, आणि तिन्ही एकमेकांना असे चिकटवलेले की सुटे करायला जो खर्च येईल त्यात नवीन दाणा, म्हणजे प्लास्टिकचा कच्चा माल, येतो.

सुटा केलेला पार्ट उलटा करून बघा कधी. आतल्या बाजूला दोन बाणांच्या मधे बारीक अक्षरात जात लिहिलेली असते, पीपी अधिक ईपीडीएम, टी २०, म्हणजे पीपीत रबर आणि २० टक्के टाल्क. आयएसओचं मानक आहे त्याला आणि ते पार्ट नंतर ओळखता यावा, वेगळा काढता यावा यासाठीच केलेलं आहे. पण शिळफाट्याच्या बाजूला भंगाराच्या गोडाऊनमध्ये जाऊन बघा, वाचत कोण बसतंय. तिथे काडी लावतात आणि वास घेतात. मेणबत्तीसारखा वास आला की पीपी, केस जळल्यासारखा आला की नायलॉन, काळी काजळी उडाली की एबीएस. तिथले एक चाचा नुसतं नखाने ओरखडून आणि फरशीवर आपटून आवाजावरून सांगतात आणि आमच्या क्वालिटीच्या पोरांपेक्षा फास्ट सांगतात. त्यांच्या फुफ्फुसांचं काय होतंय ते मात्र कुठल्याच रिपोर्टात येत नाही.

पाण्याची टाकीपण वापरतात. पीपी तरंगतं, एबीएस आणि पीव्हीसी बुडतं, शाळेतला प्रयोग. पण टाल्क भरलं की तेच पीपी पाण्यापेक्षा जड होतं आणि खाली जाऊन एबीएसच्या ढिगात बसतं. घ्या. आणि मोठ्या प्लांटमधे प्लास्टिक ओळखायला इन्फ्रारेडवाली मशीन असतात, त्यांना काळा माल दिसत नाही, कारण काळ्या रंगासाठी घातलेला कार्बन ब्लॅक तो प्रकाशच गिळून टाकतो. आता गाडीत बॉनेटखाली आणि दाराआड जे प्लास्टिक आहे ते बहुतेक कुठल्या रंगाचं असतं सांगा बघू.

म्हणजे गाडी भंगारात गेल्यावर आपण जे काही हातपाय मारतो ते मारतो, पण खरा घोळ ड्रॉइंग काढलं तेव्हाच झालेला असतो. माझं म्हणणं एवढंच आहे, बाकी सगळं त्याचा विस्तार.

सरकारी नियमांचं बघा. जुन्या गाड्यांसाठीचे नवे नियम जानेवारी २०२५ मध्ये आले, १ एप्रिल २०२५ पासून लागू झाले, त्यात गाडी बनवणाऱ्या कंपनीवर जुन्या गाडीची जबाबदारी टाकलीय. पाऊल चांगलं आहे, मी स्वागतच करतो. पण कंपनीचं टार्गेट मोजतात कशावर? स्टीलवर. सुरुवातीची ५ वर्षं ८ टक्के, पुढे वाढत जाणार, पण सगळं स्टीलच्या वजनात. आता स्टील तसंही कोण सोडत होतं? लोखंडाला भाव आहे, ते रस्त्यावर पडलेलं पण उचललं जातं. ज्याला भाव नाही ते प्लास्टिक, आणि त्याचा आकडा टार्गेटमधे नाही. पॅकिंगच्या प्लास्टिकला वेगळे नियम आहेत, तिथे रिसायकल माल किती टक्के वापरायचा हेसुद्धा ठरवून दिलंय, म्हणजे शॅम्पूच्या बाटलीवर आपण जास्त कडक आणि बंपरवर सोडून दिल्यासारखं. युरोपियन कमिशनने जुलै २०२३ मध्ये प्रस्ताव मांडला होता की नव्या गाडीतल्या प्लास्टिकपैकी २५ टक्के रिसायकल केलेलं हवं आणि त्यातला पाव हिस्सा जुन्या गाड्यांमधूनच आलेला हवा. त्यावर पुढे भरपूर घासाघीस झाली, होणारच होती, पण मुद्दा बघा ना, जुन्या गाडीचंच प्लास्टिक म्हटलंय, बाटल्यांवर भागवता येणार नाही.

आता बंपर. टायटल वाचून आलेल्यांसाठी.

आठवतंय का, बेस मॉडेलला काळा बंपर यायचा आणि टॉप मॉडेलला बॉडीच्या रंगाचा. तो काळा बंपर म्हणजे अख्ख्या बिल्डिंगला कळायचं की ह्यांनी सगळ्यात स्वस्तातली घेतली. माझ्या ओळखीत असे लोक आहेत की ज्यांनी नवी गाडी शोरूममधून आणली आणि आधी पेंटरकडे नेऊन बंपर रंगवून घेतला, पूजा नंतर. पण तो काळा बंपर साच्यातून बाहेर पडतानाच काळा असतो, दाण्यातच रंग असतो, त्याला पुढे काहीच करावं लागत नाही. रंगीत बंपरला आधी पृष्ठभाग तयार करायचा, पीपीला रंग सहज धरत नाही म्हणून ज्योत फिरवायची, मग प्रायमर, मग रंग, मग क्लिअर कोट, मग ओव्हन. आणि पेंट बूथमधली हवा नुसती हवा नसते, तिचं तापमान सांभाळा, दमटपणा सांभाळा, गाळा आणि सतत खेळती ठेवा. गाडी जोडण्याच्या कारखान्यात सगळ्यात जास्त ऊर्जा खातं ते पेंट शॉपच, ढोबळमानाने एकूण ऊर्जेच्या निम्मी, काही ठिकाणी त्याहून जास्त. म्हणून तर कंपन्या तिथेच जोर लावतायत, मधलं एक भाजणं काढून ओल्यावर ओला थर मारणं, बूथमधली हवा बाहेर न सोडता फिरवून परत वापरणं वगैरे, आणि त्यात खरोखर वाचतं, ते मान्य केलं पाहिजे.

बरं, एवढी वीज जाळून लावलेला तोच रंग १५ वर्षांनी रिसायकलिंगच्या आड येतो. रंगासकट दळला तर रंगाचे कण दाण्यात राहतात आणि नेमके तिथून पार्ट तडकतो. रंग काढायचा म्हणजे परत खर्च. माझदाने २०११ मध्ये भंगारातल्या गाड्यांचे बंपर घेऊन नव्या बंपरसाठी दाणा बनवला, होत नाही असं नाही, पण रंग उतरवायची खटपट करावीच लागते.

आता कुणीतरी म्हणेल की अरे काळं मशीनला दिसत नाही असं तूच वर लिहिलंस. बरोबर. पण तो त्रास गाडी अख्खी चिरडून तुकडे केल्यावरचा आहे. बंपर हा मोठा पार्ट, चार क्लिपा आणि काही स्क्रू काढले की हातात येतो, जात मागे लिहिलेली असते, आपल्याकडे खोलणारे हातही आहेत, तर तो तुकड्यांत जायच्या आधीच वेगळा काढता येतो. शिवाय मशीनला दिसतील असे काळे रंगपण मिळतात, थोडे महाग पडतात इतकंच.

आणि घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधे बंपर रंगीत ठेवायचा अट्टहास कशाला हा प्रश्न वेगळाच. रिक्षा घासली, क्लेम. बाईकवाला टेकला, क्लेम. साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या पार्टवर ५० टक्के घसारा कापतात, म्हणून लोक झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारी पॉलिसी, घेतात, आणि मग सांधता येणारा बंपरसुद्धा सरळ नवीन लावतात. प्लास्टिक वेल्डिंग करून चांगले सांधून देणारे लोक ठाण्यात आहेत, पण खिशातून जात नसेल तर सांधतंय कोण.

आमच्या गाळ्यांकडे येतो, नाहीतर म्हणाल दुसऱ्यांनाच शिकवतोय.

मोल्डिंगमधे वीज कुठे जाते हे कळायला एनर्जी ऑडिटवाला लागत नाही, मशीनच्या बॅरलजवळ, म्हणजे दाणा वितळतो त्या नळीजवळ, हात न्या. हीटर उघडे असतील तर ती गरमी सगळी शेडमधे, वर ती घालवायला पंखे. जुन्या हायड्रॉलिक मशीनमधे पार्ट थंड होईपर्यंत काही हलत नसतं, तरी मोटर आपली फिरतच असते. सर्वो, म्हणजे गरजेपुरतीच फिरणारी मोटर, बसवला की तिथला खर्च कमी होतो, बऱ्याच मशीनवर तिसरा हिस्सा किंवा त्याच्याही वर वाचतो. आणि दाबाच्या हवेच्या लाइनी! सात बारच्या लाइनला तीन मिलिमीटरचं भोक असेल तर तीनेक किलोवॉट सतत फुकट, म्हणजे महिन्याला दोन हजार युनिटच्या घरात, एका भोकाचे. शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी शेडमधे नुसतं उभं राहा, सगळं बंद असतं तेव्हा फुसफुस ऐकू येते. शेठ लोक छतावर सोलर लावायला तयार असतात, फोटो चांगला येतो, पण फिटिंग बदलायला माणूस मागितला की बघू पुढच्या महिन्यात. सोलर लावा की, मी कुठे नाही म्हणतोय, पण खालून गळतंय ते आधी बुजवा.

आणि रिजेक्शनला मी वीजबिलच समजतो. शॉर्ट शॉट (साचा पुरता न भरलेला पार्ट) निघाला, सिल्व्हर (पार्टवर चंदेरी चट्टे) निघाला, की तो दाणा वितळवण्याची, पार्ट थंड करण्याची वीज गेली, मग ग्राइंडरची गेली, मग परत वितळवण्याची गेली. नायलॉन नीट सुकवला नाही की हे सगळं होतं, पावसाळ्यात तर जास्तच, आणि मग महिनाअखेरीला मीटिंग होते वीजबिल का वाढलं म्हणून. प्लास्टिक आणि वीज ही दोन वेगवेगळ्या डिपार्टमेंटची डोकेदुखी आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी एक शिफ्ट ग्राइंडरजवळ उभं राहावं.

आता रनर. पार्टबरोबर जी काडी निघते ती. हा माल म्हणजे सोनं, कारण जात माहीत, लॉट माहीत, बाहेरची धूळ लागलेली नाही. दळून थोडा थोडा नव्या दाण्यात मिसळला तर बऱ्याच पार्टना काही फरक पडत नाही. मर्यादा आहेत, खोटं बोलणार नाही, पीपी प्रत्येक वेळी वितळलं की साखळ्या तुटतात, जास्त पातळ वाहतं, मार सोसायची ताकद कमी होते, काचेच्या नायलॉनमधे तंतू आखूड होतात. एअरबॅगच्या जवळचा पार्ट असेल तर मीच म्हणेन नको. पण त्यासाठी टेस्ट आहेत ना, एमएफआय, म्हणजे वितळल्यावर किती पातळ वाहतं ते, बघा, इम्पॅक्ट बघा, राख काढून टाल्क किती ते बघा, टक्केवारी ठरवा. आमच्या बऱ्याच ड्रॉइंगवर मात्र खाली एकच ओळ, फक्त व्हर्जिन दाणा, रिग्राइंड चालणार नाही, म्हणजे कोरा दाणाच हवा, दळलेला नको. सीटबेल्टच्या ब्रॅकेटवरही तीच आणि कार्पेटखाली दडणाऱ्या पट्टीवरही तीच. बहुतेक कुणीतरी कधीतरी लिहिली आणि तेव्हापासून कॉपी पेस्ट चाललंय.

नवीन पीपी बनवायचं म्हणजे आधी जमिनीतून तेल काढा, मग नाफ्था ८०० अंशांच्या वर तापवून तोडा, मग त्यातून पुढे दाणा. जुन्याला वितळवायला सव्वादोनशे अंश पुरतात. धुणं, सुकवणं, वाहतूक सगळं धरलं तरी बरीच ऊर्जा वाचते. आणि ज्या कंपनीच्या वार्षिक अहवालात झाडं लावल्याचे फोटो असतात तिचंच परचेस डिपार्टमेंट आम्हाला विचारतं की रिसायकल घातलं तर किलोमागे किती स्वस्त देणार. चांगला रिसायकल दाणा, धुतलेला, टेस्ट केलेला, दर लॉटला सारखा, तो स्वस्त नसतोच, कच्च्या तेलाचा भाव पडला की कधीकधी व्हर्जिनपेक्षा महाग पडतो. स्वस्तातला पाहिजे तर तोपण मिळतो, पण त्यात काय आहे ते देव जाणे आणि चाचा जाणे.

सध्या आमच्याकडून एका कार्पेटखालच्या पट्टीसाठी २० टक्के रिग्राइंडची रिक्वेस्ट कस्टमरकडे पाठवलीय, टेस्ट रिपोर्ट जोडून. आधी एकदा पाठवली होती तेव्हा उत्तर आलं, ड्रॉइंग बदलायला डिझाइनची मंजुरी लागेल, ती टीम परदेशात बसते. या वेळी त्यांनी पीपॅप, म्हणजे पार्टच्या मंजुरीची फाइल, नव्याने मागितलाय, म्हणजे निदान फाइल कुणीतरी उघडली. ट्रायलचा लॉट सोमवारी रात्रपाळीला लावतोय.