पालींचं जुळवायचंय? आधी काच वाजवा!

दुर्मीळ पालींच्या प्रजनन केंद्रात पाहुणे म्हणून जाताय? मग रिकाम्या हाताने परतू नका, थोडा हातभार लावाच.

सर्वांत आधी काच वाजवा. बोटाने नको, अंगठीने. त्याशिवाय आपण आलोय हे पालीला कळणार कसं? परवा एका साहेबांनी हे फार छान करून दाखवलं. आत होती टांझानियातल्या किंबोझा जंगलातली निळी बुटकी पाल, लायगोडॅक्टिलस विल्यम्सी. तीन आठवडे नर मुंडी हलवतोय, गळा फुगवतोय, आडवा होऊन कूस दाखवतोय, मादी ढिम्म. परवा पहिल्यांदाच ती जागची हलली नाही. त्याने हळूच तिची मान तोंडात धरली, शेपटी तिच्या शेपटीखाली सरकवली आणि... टक टक टक! दोघं दोन कोपऱ्यांत. वर साहेबच म्हणतात, "अहो, भांडतायत की! वेगळं करा त्यांना." मग फ्लॅश मारून एक फोटो. नर अजून नुसता पानाला चिकटून बसलाय.

निळा तो नर, हिरवी ती मादी, असं छातीठोक सांगा. दबून राहिलेला नरही हिरवाच दिसतो, पण एवढ्या खोलात कशाला जायचं? (एका 'मादी'च्या अंड्यांची आम्हीही महिनोन्महिने वाट पाहिली होती म्हणा.)

अंडी पृष्ठभागाला घट्ट चिकटलेली असतील, तर ब्लेडने खरवडून काढा. फुटली तर फुटली, एका वेळी दोनच तर घालते.

कॅल्शियम आणि यूव्ही-बीचे, म्हणजे अतिनील किरणांचे दिवे, निव्वळ चोचले.

आणि दर सोमवारी फोन करून विचारा, "आकडा किती झाला?" आकडा! आकडाच हवाय ना, मग हा घ्या: 2004 ते 2009 या काळात पाली पकडणाऱ्या एकाच गटाने या जंगलातून किमान 32,000 पाली नेल्याचा अंदाज आहे. ती राहते त्या केवड्याच्या जातीच्या झाडांवरही कुऱ्हाड चालवली. कशासाठी? हौशी लोकांच्या काचपेट्यांत शोभेला! सायटिस या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक परिशिष्टात नाव यायला 2017 उजाडलं. आता आम्ही एकेका अंड्यासाठी श्वास रोखून बसतो आणि तुम्हाला दहा मिनिटं गप्प उभं राहवत नाही? लाज वाटू द्या जरा. हात मागे बांधा, मोबाईल बंद करा आणि काचेपासून लांब उभे राहा. नाही जमत? मग येऊच नका.