काटकोन दाखवत नाही तो गुण्या विकता कशाला?

गुण्या म्हणजे सुताराचं L आकाराचं हत्यार, त्याला काम एकच. काटकोन दाखवायचा. तेवढंही न करणारे गुण्ये हार्डवेअरच्या दुकानांत राजरोस टांगलेले असतात आणि खोक्यावर ठळक छापलेलं असतं, 'प्रिसिजन'. डोकं फिरतं अक्षरशः!

परवा एका दुकानात सहा इंची ट्राय स्क्वेअर, म्हणजे साधा गुण्या, मागितला आणि तिथल्याच प्लायच्या सरळ कडेला लावून पाहिला. बारीक टोकाच्या पेन्सिलीने रेघ मारली, गुण्या उलटा फिरवला, त्याच बिंदूतून दुसरी मारली. दोन्ही एकावर एक बसल्या तर माल खरा. इथे वरच्या टोकाला चांगलं 1 मिमी अंतर! या तपासणीत चूक दुप्पट दिसते, म्हणजे गुण्या अर्धा मिमी बाहेर. दुकानदार वैतागून म्हणाला, "अहो, लाकडाच्या कामाला एवढं कोण बघतं? सगळे हाच नेतात."

कोण बघतं? सहा इंचांत अर्धा मिमी म्हणजे दोन फुटी फळीच्या टोकाला 2 मिमी, आणि तीच रेघ सात फुटी कपाटाच्या उंचीपर्यंत वाढवली तर 7 मिमी! दारं एकमेकांवर घासतात, ड्रॉवर चॅनलमध्ये अडकतो. कपाट काटकोनात नाही हे घरमालकाला लगेच दिसतं, आणि शिव्या खातो सुतार.

45 अंशांची तर बातच सोडा. फ्रेमला चार कोपरे, आठ काप. प्रत्येक काप अर्धा अंश एकाच बाजूला चुकला, तर तीन कोपरे घट्ट बसवल्यावर चौथ्यात 4 अंशांची फट उघडते. भरा मग त्यात लांबी, म्हणजे पुट्टी! कॉम्बिनेशन स्क्वेअरचा, म्हणजे सरकत्या पट्टीच्या गुण्याचा, स्क्रू कितीही आवळा, पट्टी खाचेत डुलतेच. बेव्हलचा, म्हणजे हवा तो कोन उचलायच्या हत्याराचा, नट धरत नाही, त्यामुळे भिंतीवरून उचललेला कोन लाकडापर्यंत येईस्तोवर बदललेला असतो. ट्राय स्क्वेअरच्या आतल्या कोपऱ्यात रंगाचा गोळा तसाच वाळलेला, मग तो लाकडाला नीट टेकणार कसा?

सगळ्यात जास्त चीड येते ती नव्याने काम शिकणाऱ्या पोरांसाठी. पहिल्या कमाईतून बिचारा जे परवडतं ते हत्यार घेतो. आखतो बरोबर, कापतो रेघेवर, तरी सांधा उघडाच राहतो. मिस्त्री ओरडतो, "हात बसला नाही तुझा." पोरगं महिनोन् महिने स्वतःलाच दोष देत बसतं. त्याचा हात व्यवस्थित आहे हो! त्याच्या हातात दिलेली वस्तूच खोटी आहे.

दुकानदारांनो, गल्ल्याशेजारी सरळ कडेची एक फळी आणि एक पेन्सिल ठेवा. प्रत्येक गुण्या गिऱ्हाइकासमोर उलटवून दाखवा. रेघा जुळल्या नाहीत तर तो कंपनीला परत पाठवा, आमच्या गळ्यात मारू नका.