परदेशातून: आयसीयूच्या दाराबाहेर बसलेली माणसं

मी डेन्मार्कमध्ये राहतो. तीन वर्षांपूर्वी बायको इथे न्यूमोनियाने व्हेंटिलेटरवर होती, आणि गेल्या वर्षी बाबा भारतात अकरा दिवस आयसीयूत होते. दोन्ही दारांबाहेर बसलोय म्हणून लिहितोय.

आपल्याकडे वाद कायम एकच, नातेवाईकांना आत सोडायचं का आणि किती वेळ. एक बाजू म्हणते गर्दी करतात, इन्फेक्शन आणतात, डॉक्टरांच्या अंगावर जातात, दुसरी म्हणते आत काय चाललंय कळूच देत नाहीत, नुसतं बिल वाढवतात. 2024 च्या जानेवारीत केंद्राच्या गाइडलाइन्स आल्या, पेशंट आणि घरचे नको म्हणत असतील तर आयसीयूत ठेवायचं नाही, तेव्हाही चर्चा संशयाचीच झाली. दाराबाहेरच्या माणसाचं काय होतं यावर कोणी फारसं बोललं नाही.

त्याला खरंच काहीतरी होतं. झोप उडते, धसका बसतो, पेशंट घरी आला तरी महिनोन्महिने जात नाही, डॉक्टरांनी 2012 मध्ये त्याला नावही दिलंय, पोस्ट इंटेन्सिव्ह केअर सिंड्रोम फॅमिली.

परदेशात परवडतं हो, असं लगेच ऐकवतात. मग ब्राझील बघा. तिथल्या 36 आयसीयूंमध्ये घरच्यांना दिवसाला 12 तासांपर्यंत बसू दिलं, आधी नीट समजावून. 2019 मध्ये त्या अभ्यासाचा निकाल छापून आला. आयसीयूत पेशंट गोंधळून भ्रमात जातात, ते कमी झालं नाही हे खरं, पण इन्फेक्शन वाढलं नाही, स्टाफही जास्त थकला नाही, आणि घरच्यांची घालमेल कमी झाली.

इथलं सगळं चांगलं असं मी म्हणणार नाही. इथे मी एकटा बसायचो, तिकडे आईसोबत कायम चारजण असायचे, रात्री आळीपाळीने थांबायचे, ते बळ इथे नाही. पण इथे रोज ठरलेल्या वेळी डॉक्टर मला खुर्चीवर बसवून बोलायच्या, आधी विचारायच्या की काल सांगितलेलं तुम्हाला काय समजलं. तिकडे आम्ही दारात उभं राहून दोन मिनिटांत ऐकायचो, रोज नवा डॉक्टर, आणि "क्रिटिकल आहे, बघू" एवढंच. यात त्या डॉक्टरांचा दोष कमी, माणसं कमी आहेत हे मला दिसत होतं. तरी रोज एकाच डॉक्टरने बसून दहा मिनिटं बोलायला कुठलं मशीन लागत नाही.

आणि एक वही. इथे नर्स पेशंटसाठी डायरी लिहितात, घरच्यांनीही लिहायची असते. बायकोच्या डायरीत एका नर्सने लिहिलंय, "आज तुम्ही माझा हात दाबलात. रात्रभर मी जवळ होते." शुद्धीवर आल्यावर तिने ते पान किती वेळा वाचलं असेल.

बाबा गेले, पहाटे चारला. आई अजून विचारते, शेवटी त्यांच्याजवळ कोण होतं रे? मला सांगता येत नाही.